कडूबाई आणि भिंतीतली मडकी

कडूबाईचा आवाज पहिल्यांदा नाहीसा झाला तो भर दुपारी, औरंगपुऱ्यामागच्या बोळीतल्या एका जुन्या दिवाणखान्यात, डोक्यावर चुन्याचं घमेलं असताना.

"मिस्तरी, घमेलं घ्या," ती म्हणाली.

बन्सी मिस्तरी परांचीवर, तिच्यापासून सहा हातांवर बसला होता. त्यानं वळून पाहिलं आणि तो हसला. "कडूबाई, नुसतं तोंड काय हलवायलीस? बोल की."

ती पुन्हा बोलली. कानात पाणी गेल्यावर स्वतःचा आवाज डोक्यातल्या डोक्यात येतो, तसा तो तिला आला. बाहेर मात्र शब्दांच्या कडा तेवढ्या उरल्या होत्या, मधलं पोट कुणीतरी काढून घेतलं होतं. तिनं घमेलं खाली ठेवलं आणि गळ्याला हात लावून पाहिला. मग ती चार पावलं दाराकडं सरकली आणि तिथून म्हणाली, "आता येतंय का ऐकू?"

"आता येतंय," बन्सी म्हणाला. त्याचं हसू गेलं होतं.

हा एकोणऐंशी सालचा हिवाळा. कुण्या नवाबी उमरावाचा तो दिवाणखाना एका ट्रस्टनं घेतला होता. तिथं वाचनालय आणि सभागृह करायचं म्हणून जुना गिलावा काढून नवा चढवायचं काम चाललं होतं. वर मोठा घुमट. एवढ्या घुमटाखाली साधं खोकलं तरी आवाज विहिरीत पडल्यासारखा घुमायला हवा. इथं घुमत नव्हता. थापी हातातून पडली तर टक् एवढाच आवाज, आणि मग काही नाही. कामावरच्या बायांना ती जागा पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. पण कडूबाईला कामाची गरज होती, आणि याहून वाईट जागा तिनं पाहिली होती.

ती मूळची पिशोरहून पुढं डोंगराकडं असलेल्या एका खेड्यातली. आदल्या वर्षी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधानसभेत झाला आणि चार-आठ दिवसांत गावोगावच्या बौद्ध वस्त्या पेटल्या; नाव मात्र कागदावरच राहिलं. त्या दिवशी कडूबाई आणि तिचा नवरा अप्पाराव पिशोरच्या बाजाराला गेले होते. भुरभुर पाऊस होता. परतताना पांदीतूनच धूर दिसला, आणि भिजल्या गवताचा वास रॉकेलच्या वासात मिसळून नाकात शिरला. वस्तीतली अकरा घरं जळली होती. शेजारची भागूबाई तिच्याच घरात जळून गेली होती. अप्पारावची आई पारूबाई ज्वारीच्या वावरात बसलेली सापडली. उजवा तळवा भाजून सोललेला, नजर समोर लागलेली, आणि ओठ मिटून ती घुमत होती. उंऽऽऽ. एकच सूर. श्वास संपला की थांबायची, श्वास घेतला की पुन्हा सुरू.

पोलीस आले, चौकशीचे साहेब आले. पारूबाईनं काय पाहिलं, हे विचारून सगळे थकले. उत्तर तेच, उंऽऽऽ. मग अप्पारावनं आईला आणि बायकोला घेऊन शहर गाठलं. चिकलठाण्याला नवनवे कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात त्याला हमाली मिळाली. मुकुंदवाडीच्या अलीकडं रुळाकाठी त्यांनी पत्र्याची खोली उभी केली. पारूबाई खोलीच्या कोपऱ्यात बसून दिवसभर घुमायची. जेवायची, झोपायची, सांगितलं ते ऐकायची. बोलायची मात्र नाही.

दर रविवारी पुंजाराम यायचा. हा भागूबाईचा एकुलता मुलगा. गाव जळालं तेव्हा तो शहरात कंपनीत होता. भागूबाई आणि पारूबाई एकाच माहेरच्या, लहानपणापासूनच्या मैत्रिणी, म्हणून तो तिला मावशी म्हणायचा. डझनभर केळी ठेवायचा, समोर उकिडवा बसायचा आणि विचारायचा, "मावशी, आई काही म्हणली व्हती का गं?" पारूबाई त्याच्याकडं बघत घुमत राहायची. अर्धा तास बसून तो उठायचा.

दिवाणखान्यात कडूबाईचा आवाज गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी बन्सीची करणी भिंतीत खचकन आत गेली. चुन्यामागं रुपयाएवढं भोक होतं. कडा खरवडल्यावर कळलं, की ते मडक्याचं तोंड आहे. अख्खं मडकं भिंतीत आडवं बसवलेलं. बन्सीनं बोट घातलं, ते राखाडी होऊन बाहेर आलं.

"राख हाय," तो हळूच म्हणाला.

संध्याकाळपर्यंत अशी अकरा तोंडं उघडी पडली. बहुतेक मडक्यांत मूठमूठ राख. मडक्यात घातलेली राख कशाची असते, हे कुणाला सांगावं लागत नाही. बायांनी घमेली जागच्या जागी ठेवली. "भिंतीत माणसं हायेत," एकजण म्हणाली आणि सगळ्या बाहेर अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. कडूबाई आतच राहिली होती. आपला आवाज ज्यांनी नेला ते हेच, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

ट्रस्टनं कामावर देखरेखीला काकासाहेब नावाचे म्हातारे ओव्हरसियर नेमले होते. सगळी नोकरी सरकारी बांधकाम खात्यात झालेली. त्यांना निरोप गेला. ते आले, वर्तमानपत्र पसरून त्यावर चार मडक्यांतली राख काढली, चाळणीनं चाळली आणि चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "लाकडाची आहे. हाडाचा एक कण नाही. या, बघा."

कुणी पुढं आलं नाही. मग त्यांनी कोपऱ्यावरून सोड्याची रिकामी बाटली मागवली आणि तिच्या तोंडावर आडवी फुंकर मारली. बाटली बोंऽऽ करून वाजली.

"प्रत्येक पोकळीला आपला एक सूर असतो," ते म्हणाले. "तोच सूर बाहेरून आला की आतली हवा त्याच्याबरोबर झुलायला लागते, आणि झुलता झुलता त्याचा जोर खाऊन टाकते. दुसऱ्या सुराला ती शिवत नाही. घुमटाखाली आवाज फार घुमतो, बोललेलं कळत नाही. म्हणून जुन्या कारागिरांनी ही मडकी बसवली. तुर्कस्तानातल्या मशिदींत, विलायतेतल्या जुन्या चर्चमध्ये अशीच सापडलीत. कुठंकुठं राखसुद्धा."

"मंग माझाच आवाज काहून खाती ही भिंत?" कडूबाईनं दारातून विचारलं.

काकासाहेबांनी तिला घुमायला सांगितलं. खालच्या सुरात, ओठ मिटून. ती घुमली आणि घुमता घुमता तिच्या अंगावर काटा आला. तिच्या तोंडून निघाला तो पारूबाईचा सूर होता. दीड वर्ष एका खोलीत ऐकून तो तिच्या गळ्यात कधी उतरला, तिला कळलंही नव्हतं.

"हाच," काकासाहेब म्हणाले. "तुझा आणि मडक्यांचा सूर एक आहे बाई."

त्यांना सगळी मडकी उघडी करायची होती. किती आहेत आणि कुठं आहेत, ते चुन्याच्या थराखाली कळत नव्हतं. ठोकून बघितलं तर जुना गिलावा सगळीकडंच पोकळ वाजायचा. मग ते काम कडूबाईकडं आलं. भिंतीला तोंड जवळ नेऊन ती घुमायची, इंच इंच सरकायची. चुन्याचा थर पातळ असला तर त्यामागच्या मडक्याशी आवाज मऊ पडायचा, ओल्या मातीत पाय रुतावा तसा. तिथं ती कोळशानं फुली मारायची. बन्सी खरवडायचा आणि तोंड निघायचं. पंधरा दिवसांत तिनं त्रेसष्ट मडकी शोधली. एकही फुली चुकली नाही. बाया कामावर परत आल्या, पण तिच्याशी आधीसारखं बोलेनात. घुमत घुमत भिंत चाचपणारी बाई बघून त्या पदर तोंडाला लावायच्या.

उत्तरेच्या भिंतीत मात्र एक मडकं वेगळं निघालं. त्यात राख नव्हती. कडूबाई त्याच्यासमोर घुमली की आवाज जायचा, पण ती थांबली की भिंत थांबायची नाही. आतून बारीक, अर्धा श्वासभर, तोच सूर परत यायचा. उं. जणू कुणी तिचं ऐकून घेऊन मग होकार भरतंय.

"राख नाही म्हणून," काकासाहेब म्हणाले. "खाल्लेलं थोडं परत देतंय ते. भरून टाका."

"उद्या भरते," कडूबाई म्हणाली. उद्या का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी रुळाकाठच्या वस्तीत भांडण झालं. शेजारच्या घरात आजारी पोर होतं, आणि पारूबाईच्या घुमण्यानं ते सारखं दचकतं, अशी तक्रार आली. अप्पाराव पहिल्या पाळीला गेला होता. कडूबाईनं सासूचा हात धरला आणि तिला कामावरच घेऊन आली. उत्तरेच्या भिंतीशी पोतं अंथरून तिला बसवलं.

पारूबाई बसली, आणि सवयीनं घुमायला लागली.

आवाज आलाच नाही.

म्हातारी दचकली. तिनं गळा चाचपला, मोठा श्वास घेतला, जोर लावून घुमली. गळ्याच्या शिरा ताठलेल्या दिसत होत्या, छाती हलत होती, आणि खोली गप्प होती. दीड वर्षात पहिल्यांदा पारूबाई घुमता घुमता मध्येच थांबली. आणि ती थांबल्यावर भिंतीतून हलकेच उत्तर आलं. उं.

परांचीवर बन्सीचा हात थबकला.

पारूबाई भिंत धरून उठली. त्या मडक्याच्या तोंडाशी तिनं तोंड नेलं.

"भागू?" ती म्हणाली.

बाया आवाज न करता बाहेर निघून गेल्या. कडूबाई तिथंच, हात-दोन हातांवर उभी होती. सासूचा बोलण्याचा आवाज कसा होता, हे ती विसरून गेली होती.

"भागू, मी आल्ते गं," पारूबाई भिंतीला सांगत होती. "त्यांनी भाईरून कडी घातली व्हती. मी धरली. लई तापली व्हती गं ती. हात चिकटला माझा. मी सोडली... परत धरली नाय. तू हाका मारत व्हतीस, अन् मी वावरात पळाले. कान झाकले तरी तुझी हाक यायची. म्हून म्या घुमाया लागले. घुमलं की नाय यायची."

मग तिनं मडक्याला कान लावला. बराच वेळ. कुणाचं तरी ऐकताना माणूस मान डोलावतं, तशी मध्येच मान डोलावली. कडूबाईनं न राहवून शेजारच्या मडक्याला कान लावला. आत गार हवा होती आणि लांबून येणारी घरघर. त्या घरघरीत काहीतरी होतं खरं, पण ते भिंतीतलं होतं की आपल्याच कानातल्या रक्ताचं, हे तिला पुढं आयुष्यभर ठरवता आलं नाही.

पारूबाई वळली. तिचा चेहरा घामानं डबडबला होता.

"कडू, ती 'ये' नव्हती म्हणत गं," ती म्हणाली. "'पळ' म्हणत व्हती. 'पारू, पळ.' म्या उलटंच ऐकलं व्हतं." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "भर आता त्यात राख."

कडूबाईनं स्वतःच्या हातानं मूठभर राख त्या मडक्यात सोडली. त्यानंतर ते मडकं बोललं नाही, आणि पारूबाई पुन्हा घुमली नाही.

रविवारी पुंजाराम आला तेव्हा मावशीनं त्याला नाव घेऊन हाक मारली. त्याच्या हातातली केळी खाली पडली. तो नेहमीसारखा समोर उकिडवा बसला आणि तिनं त्याला पहिल्यापासून सांगायला घेतलं. कडी, हात, ज्वारी. तो तिच्या तळव्याकडं बघत होता. सगळ्यांना आजवर वाटत होतं, की तो तळवा तिचं स्वतःचं घर वाचवताना भाजला.

"कडी धरून सोडली?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"परत धरली नाय?"

"नाय, बाबा."

पारूबाई पुढं बोलणार होती, पण तो उठला आणि निघून गेला. चपला घालायचंही त्याला भान नव्हतं. अप्पाराव मागं धावला, तो रूळ ओलांडून गेलेला. कडूबाई दारातच उभी राहिली. 'पळ' हा शब्द तिच्या जिभेवर होता, पण भिंतीतून आलेला शब्द घेऊन आई गमावलेल्या माणसामागं कोणत्या तोंडानं धावायचं?

तो परत आला नाही. पारूबाई त्यानंतर दोन वर्षं जगली आणि साध्या माणसासारखी बोलत जगली. भाजीला मीठ कमी पडलं म्हणायची, शेजारच्या पोराला अंगाई म्हणायची. ब्याऐंशी साली ती गेली. पुंजारामला निरोप धाडला होता. तो मातीला आला नाही.

कडूबाई कामं करत राहिली. शहर चहूकडं पसरत होतं, चिकलठाण्यानंतर वाळूजला कारखाने निघाले. अठ्ठ्याऐंशी साली बन्सी मिस्तरी सायकलवर तिला शोधत आला. वाळूजच्या एका कारखान्यात काकासाहेबांनी बोलावलं होतं.

तिथल्या एका शेडमध्ये हवा फेकणारं मोठं यंत्र होतं. ते चाललं की जमिनीतून खालच्या सुराची घुमघुम उठायची. माणसांची डोकी दुखायची, उलट्या व्हायच्या. दोन कामगार नोकरी सोडून गेले. त्यांचं म्हणणं एकच, शेडमध्ये कुणीतरी हाका मारतंय. कंपनीनं पुण्याहून नकाशा आणून सिमेंटच्या पोकळ विटांची भिंत उभारली होती. प्रत्येक विटेला समोरून एक उभी फट, आत पोकळी. भिंत उभी राहिली आणि घुमघुम होती तशीच राहिली.

काकासाहेब आता काठी टेकत चालायचे. "मडकंच आहे हे, कडूबाई," ते म्हणाले. "चौकोनी झालंय इतकंच. पण त्याचा सूर यंत्राशी जुळत नाही. तू ऐक."

ती यंत्राजवळ गेली, आणि यंत्राच्या कळीवर हात ठेवून उभा असलेला माणूस वळला. तो पुंजाराम होता. कानशिलं पांढरी झालेली. तिथं बोललेलं ऐकूही आलं नसतं.

कडूबाईनं डोळे मिटले आणि ती घुमायला लागली. तिचा सूर आणि यंत्राचा सूर जवळ आले की दोघांच्या मधे थरथर सुटायची, पाण्यावर दोन लाटा आदळाव्यात तशी. तिनं आवाज खाली खाली नेला तशी ती थरथर मंद होत गेली आणि थांबली. तो यंत्राचा सूर. तोच घुमत ती भिंतीपाशी गेली. भिंतीचा सूर त्याहून वर होता. म्हणजे फटी अरुंद करायला हव्यात. तीन आठवडे ती, बन्सी आणि मदतीला दिलेला पुंजाराम विटेविटेच्या फटीत सिमेंट भरून ती बोटाबोटानं बारीक करत गेले. राखेच्या जागी आत काचेचा कापूस सारला. कामापुरतं बोलणं व्हायचं. "पाणी आण." "हं." एवढंच.

शेवटच्या दिवशी यंत्र सुरू केलं. पट्ट्याची फडफड आली, हवेचा फूत्कार आला, आणि घुमघुम मात्र डोक्यावरची मोळी कुणी उतरून घ्यावी तशी गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरनं काकासाहेबांचा हात हातात घेतला.

पुंजाराम भिंतीला टेकून मटकन खाली बसला होता. कडूबाई त्याच्याजवळ गेली.

"वहिनी," तो म्हणाला, "मला वाटायचं मशीनच हाक मारती. म्हून मी ही शेड मागून घेतली व्हती. दुसरं कुणी थांबत नव्हतं. आता मशीन गप झाली. पण हाक येतीच हाय." त्याचे ओठ पांढरे पडले होते. "मावशी त्या दिशी आणखी काय सांगणार व्हती?"

कडूबाई त्याच्यासमोर बसली.

"ती म्हणली, भागूबाई 'ये' नव्हती म्हणत. 'पळ' म्हणत व्हती. 'पारू, पळ.'"

"तू ऐकलंस?"

"नाय. खोटं नाय सांगायची मी. भिंतीनं सांगितलं, का सासूच्या मनानं सांगितलं, मला ठावं नाय. पर त्या दिसापासून ती घुमली नाय, एवढं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

हळूहळू पुंजारामच्या ओठांवर रंग आला.

"माझी आई कुणाला 'ये' म्हणणारी बाईच नव्हती," तो शेवटी म्हणाला. "ताप अंगात असला तरी पाणी एकटीच भरायची. दुसऱ्यानं हंडा धरला तर वरडायची, जा म्हणायची." तो हुंदका न देता रडत होता. "तसंच म्हणली असंल. आईच हाय ती."

पुढल्या रविवारी तो रुळाकाठच्या खोलीवर आला. पारूबाईच्या तसबिरीपुढं पाच मिनिटं बसला. मग अप्पारावबरोबर जेवला, आणि भाकरी कडक झाली म्हणून वहिनीला बोललाही. त्यानंतर त्याचं येणं थांबलं नाही.

कडूबाईला नंतर पाच-सहा कारखान्यांतून बोलावणी आली. यंत्राजवळ उभं राहून सूर पकडायचा, हे काम कानाला सोपं नव्हतं. डावा कान आधी दुखायला लागला, मग बंद झाला. डॉक्टर म्हणाले, तो आता यायचा नाही. बायामाणसांत बसली की ती उजवी बाजू पुढं करायची.

चौऱ्याण्णव सालच्या संक्रांतीच्या दिवशी पुंजाराम लुना घेऊन दारात आला. तिला मागं बसवून तो विद्यापीठाकडं निघाला. रस्त्याला मुंगीला जागा नव्हती. लुना कुठंतरी लावून दोघं चालत गेली. हजारो लोक ओरडत होते, नाचत होते, निळे झेंडे वर जात होते. तिच्या एका कानात त्या सगळ्याचा नुसता लोंढा येत होता, शब्द सुटा होत नव्हता. तिनं पुंजारामचा खांदा धरला.

"काय म्हणायलेत?"

"नाव दिलं, वहिनी. विद्यापीठाला."

"पुरं सांग."

तो तिच्या उजव्या कानाशी वाकला आणि एकेक शब्द सुटा करून त्यानं सांगितलं, "डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ."

तिनं ते ऐकलं, मान हलवली, आणि त्याला आणखी एकदा सांगायला लावलं.